खणातली दोन पेनं

१

वही गेल्याचं कळलं तो गुरुवार होता. त्याच सकाळी छकुलीचा खालचा दुसरा दात हिरडीतून डोकावला होता, म्हणून वार तिच्या आईच्या पक्का लक्षात राहिला.

मागच्या खोलीतल्या टेबलाचा खण तिने उघडला तो खरं तर कात्रीसाठी. खणाला कुलूप असायचं. एक किल्ली नवऱ्याच्या जुडग्यात आणि दुसरी स्वयंपाकघरातल्या बटणांच्या डब्यात. डबा नेहमीच्या फळीवर नव्हता, खालच्या फळीवर होता. किल्ली मात्र आतच होती. कुलूप शाबूत होतं, ओरखडासुद्धा नव्हता. आत कात्री होती, डिंकाची बाटली होती, पत्त्यांचे दोन कॅट होते, आणि जिथे निळ्या पुठ्ठ्याची जाड वही असायची तिथे नुसती मोकळी जागा. त्या जागेवर दोन पेनं ठेवलेली, एक काळं आणि एक लाल. दोन्ही अगदी समांतर, टोपणं एकाच दिशेला.

कडेवर छकुली, हात त्या मोकळ्या जागेवर. कात्री घ्यायची राहूनच गेली.

तिचा नवरा पोकर खेळून घर चालवायचा. लोकांना सांगताना ती आधी अडखळायची, मग भराभर बोलून मोकळी व्हायची. सकाळी अकराला तो डबा घेऊन पत्त्यांच्या क्लबात जायचा आणि सहाला परत यायचा, एखाद्या कचेरीतल्या माणसासारखा. घरखर्चाची ठरलेली रक्कम एक तारखेला तिच्या हातात. बाकीचं सगळं खेळायच्या भांडवलात. बँकेत मागच्या वर्षांचंही मिसळलेलं; यंदाचं खरं चित्र फक्त त्या वहीत. रोज घरी आला की तो तिच्यात एक ओळ लिहायचा.

वही तिने कधी उघडून पाहिली नव्हती. तसं दोघांचं ठरलंच होतं. "रोजचं बघशील तर वेडी होशील," तो म्हणाला होता. "वर्ष झालं की सगळ्यांसमोर उघडू."

आणि ते वर्ष रविवारी भरत होतं. रविवारी सासूबाई, दीर, तिचे बाबा, सगळे जेवायला येणार होते. सोमवारी तिची रजा संपत होती. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. कपाटात दोन कागद टाइप करून ठेवलेले: एक कामावर रुजू होण्याचा, दुसरा राजीनाम्याचा. वहीने बाजू घेतली, की राजीनामा द्यायचा आणि छकुली चालायला लागेपर्यंत घरी राहायचं. वही विरुद्ध गेली, तर नवऱ्याने पत्ते सोडायचे.

संध्याकाळी तो आला. बूट काढत होता तेव्हाच तिने सांगितलं.

"वही नाहीये खणात."

त्याने दुसरा बूट काढला. दोन्ही जोडून ठेवले.

"सापडेल," तो म्हणाला.

बस, एवढंच. ना कपाळावर आठी, ना आवाजात कंप. वर्षाची कमाई ज्या वहीत, ती हरवल्यावर हा माणूस मोजे काढत होता. दहा वर्षं टेबलावर बसून त्याने चेहऱ्याला जे वळण लावलं होतं ते घरातही उतरायचं नाही. भिंगाखालच्या पेशीचं पोट तिला दिसायचं, पण नवऱ्याचं मन? पुसलेली पाटी.

तो छकुलीला घेऊन आत गेल्यावर तिने लाल पेन रद्दीवर ओढून पाहिलं. उमटलंच नाही. पुन्हा ओढलं. कागदावर नुसता चरा. काळं पेन मात्र निम्म्याहून जास्त भरलेलं होतं.

लाल शाई संपेपर्यंत वापरली होती त्याने.

२

लाल म्हणजे तोटा, हे सांगायला कोणी लागत नाही. तिच्या डोळ्यांपुढे पानंच्या पानं लाल व्हायला लागली. हरत गेला असेल आणि रविवार जवळ आल्यावर वही स्वतःच गायब केली असेल. म्हणूनच "सापडेल" म्हणताना चेहरा हलला नाही.

पण ती भिंगाखालची काच तपासणारी बाई होती. पहिल्या नजरेला जे दिसतं ते लिहून टाकायचं नाही, काच सरकवून दुसरीकडे बघायचं, ही तिची नोकरीतली सवय. वही लपवणारा माणूस रिकामं लाल पेन मागे का ठेवील? आणि तेही इतकं नेटकं? त्याचा हात तसा नव्हताच. त्याची पेनं खणात फेकलेली असायची, टोपण एकीकडे, पेन दुसरीकडे.

मंगळवारी संध्याकाळी त्याला वहीत लिहिताना तिने दारातून पाहिलं होतं. बुधवारी तो क्लबात गेलाच नाही, कारण छकुलीची लस होती. सुई टोचताना लेकीला धरणं हे आपलं काम नव्हे असं तिने आधीच जाहीर केलेलं, म्हणून दोघंही दवाखान्यात गेले. तीन तास घर तिघांच्या ताब्यात होतं. दीर गळका नळ बसवायला आलेला. सासूबाई त्याच्याबरोबर आलेल्या. आणि बाबा, लस घेतलेल्या नातीला मांडीवर घ्यायचा पहिला मान आपला म्हणून सकाळपासूनच हजर.

तिघांपैकी एकाने बटणांचा डबा खाली ठेवला होता. रविवारला दोन दिवस उरले होते.

३

शुक्रवारी सकाळी छकुलीला पोटाशी बांधून ती निघाली.

दीर बसगाड्यांच्या आगारात चहा पीत होता. पाळी संपलेली, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"या, भिंगवाल्या बाई!" तिला तो नेहमी असंच चिडवायचा. "आमचं रक्त तपासायला आलात का?"

"भावजी, यांची वही गेली."

त्याने कप खाली ठेवला. "गेली? मग बरंच झालं की! वहिनी, रागावू नका, पण दादाने त्या पत्त्यांच्या नादात आयुष्य घातलं. मी आठ तास गाडी हाकतो. ब्रेक क्षणभर उशिरा दाबला तर त्याच क्षणाला कळतं. ओरडायला पन्नास माणसं मागे बसलेली. आणि साहेब खुर्चीत बसून पत्ते पिसतात. कसली आलीय मेहनत?"

"बुधवारी तुम्ही मागच्या खोलीत गेला होतात?"

"मी? मी मोरीत आडवा पडलो होतो तीन तास. विचारा आईला, पाना द्यायला तिला चार हाका मारल्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आगारात कारकुनाची जागा निघतेय. दादासाठी बोललोय मी. रविवारी सांगणार होतो. पण त्यासाठी वही पळवायची मला काय गरज? ती उघडली असती तर माझंच काम झालं असतं."

हे मात्र बरोबर होतं. ज्याला वाटतं की नवरा हरतोय आणि ज्याला तो उघडा पडायला हवाय, तो वही लपवणार नाही. तो ती ताटाशेजारी मांडून ठेवील.

सासूबाई शिलाई मशीनवर होत्या. शाळेच्या गणवेशांचा ढीग एका बाजूला, मशीनची घरघर चालू. सुनेने विचारलं तेव्हा त्यांनी पाय थांबवला नाही.

"डबा मीच काढला, स्टुलावर चढून. छकुलीच्या झबल्याचं बटण लोंबत होतं. तुला सतरांदा सांगितलं, बटण गिळेल पोर. लावून टाकलं आणि डबा ठेवला हाताला येईल तिथे. वरच्या फळीसाठी पुन्हा स्टुलावर कोण चढणार?"

"डब्यात किल्ली होती, आई."

"होती. तुझ्या बाबांनी विचारलंसुद्धा कशाची म्हणून. मी म्हटलं, त्याच्या खजिन्याची!" त्या हसल्या. मग पाय थांबला. "खरं सांगू? मला त्या वहीत बघायचंच नाही. मी दिवसाला आठ शर्ट उतरवते. एक बाही वाकडी गेली तर तिथल्या तिथे दिसते, उसवता येते. माझ्या लेकाचं काय वाकडं गेलं ते दिसणार कसं? तो तर लहानपणी पडला तरी रडायचा नाही. उठून धूळ झटकायचा."

तिने मान हलवली. छकुली झोपेत चोखल्यासारखे ओठ हलवत होती.

बाबांच्या घरी पोचली तेव्हा उन्हं डोक्यावर आलेली. एका पेढीत अडतीस वर्षं हिशेबनीस म्हणून काढलेला माणूस, निवृत्त झाला तरी अकरा वाजता टेबलाशी बसायचा. तिने छकुलीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि वही गेल्याचं सांगितलं. त्यांनी नातीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं. ते सारखंच होतं.

"जाऊ दे ना," ते म्हणाले. "वही काय, माणूस महत्त्वाचा. जावयाला घालूनपाडून बोलू नकोस हं. रविवारी विषयच काढू नका. जेवा, हसा, झालं."

"बाबा, सोमवारी मला एक कागद द्यायचाय. कुठला देऊ?"

"रुजू हो. डोळे मिटून रुजू हो." ते नेहमीपेक्षा पटकन बोलले. "अगं, आमच्या कामात आकडा चुकला तर संध्याकाळी ताळा जुळत नाही. जुळेपर्यंत घरी जायचं नाही. तिथे चूक लपत नाही. पण पत्ते? महिन्यात अकरा दिवस आपटणारा माणूस घर कसं चालवणार? मुलगा गुणी आहे, पण धंदा धड नाही. त्याला चारचौघांत खाली बघायला लावू नका, एवढंच माझं म्हणणं."

तिला रडू यायला लागलं, म्हणून ती टेबलाकडे बघत राहिली. चष्म्याचं घर, पट्टी, पेन्सिल, सगळं ओळीने, टोकं एकाच दिशेला.

तेव्हा ते तिच्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. तिच्या डोक्यात एकच विचार घुमत होता, की बाबाही म्हणतात तो हरतोय.

४

सहाला नवरा आला. हातपाय धुऊन तो छकुलीच्या वाळलेल्या लंगोटांच्या घड्या घालायला बसला. तिने ते रिकामं लाल पेन त्याच्यासमोर ठेवलं.

"किती हरलास?"

त्याने पेनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लाल म्हणजे हरलो असं कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे?"

"लाल म्हणजे वाईट खेळलो."

"तेच ना मग!"

"तेच नव्हे गं. हाच तर सगळा घोळ आहे." त्याने घडी अर्धी सोडली. "समज, भाऊ डोळे मिटून गाडी हाकतोय. सिग्नल तोडतोय. आणि नशिबाने दहा मिनिटं आधी पोचला. आगारवाल्यांनी हार घातला, बक्षीस दिलं. दुसऱ्या दिवशी तो काय करील?"

"डोळे मिटून हाकेल."

"आणि ज्या दिवशी नीट हाकली त्या दिवशी दंड झाला तर? तसं आहे हे काम. चांगलं खेळून हरतो, वाईट खेळून जिंकतो. आईची बाही वाकडी गेली तर आईला दिसते. मला मात्र चुकल्याचे पैसे मिळतात. त्यासारखं अवघड दुसरं काही नाही, बाकी नुसतं बसणंच आहे. म्हणून मी शाईच्या रंगाने काम कसं झालं ते लिहितो. नीट खेळलो तर काळ्या शाईत, चुकलो तर लाल. पैसे आले की गेले ते आकड्याखाली. ठिपका असला तर गेले, नसला तर आले. अधिक-उण्याच्या मोठ्या खुणा केल्या तर डोळा तिकडेच पळतो."

"आणि यंदा?"

"यंदा वर आहे, फायद्यात. बऱ्यापैकी वर. पण..." तो थांबला. "रविवारी सगळ्यांसमोर सांगणारच होतो. वही असो नसो, ते मला पाठ आहे. गेला महिना माझा नाही. अकरा दिवस लाल आहेत. त्यातले नऊ दिवस जिंकलो, तेच भीतीचं आहे. तू त्या पैशांच्या भरवशावर नोकरी सोडावीस असं मला..."

"किती म्हणालास?"

"नऊ."

"त्याआधी."

"अकरा दिवस लाल."

ती उठून उभी राहिली.

"हे तू कोणाला सांगितलंयस?"

"कोणालाच नाही. का गं?"

अकरा लाल दिवस. ज्याने वही उघडली त्याला अकरा लाल आकडे दिसले, आणि त्याला ते अकरा दिवसांचे तोटे वाटले. तिलाही वाटलं असतं. पण तिने वही उघडलीच नव्हती. दिराला आकडा माहीत नव्हता, तो नुसताच 'नाद' म्हणाला. सासूबाईंनी बघायचं नाकारलं होतं. अकरा दिवस आपटणारा, असं नेमकं मोजून बोलणारा एकच होता. आणि त्याच्या टेबलावर सगळं एका ओळीत, टोकं एकाच दिशेला.

"चोर सापडला," ती म्हणाली आणि छकुलीला उगाचच घट्ट धरलं. "पण त्याच्यावर ओरडायचं नाहीस. तो माझा आहे."

५

शनिवारी सकाळी तिने दार वाजवलं तेव्हा बाबा तयारच बसलेले होते. निळी वही टेबलावर, पट्टीला समांतर.

"काल तू गेलीस आणि मला माझंच बोलणं आठवलं," ते म्हणाले. "अडतीस वर्षांत एक आकडा तोंडातून फुटला नव्हता माझ्या."

"का केलंत बाबा?"

"चोरी करायला नव्हतो गेलो. सहा महिने झोप नव्हती गं. आकडे बघितल्याशिवाय मला कोणाबद्दल काही वाटूच शकत नाही, तो माझा दोष. डब्यात किल्ली दिसली. म्हटलं, एक पान बघू. शेवटचा महिना उघडला. लाल, लाल, लाल. मोजले. अकरा. पुढचं पान उघडायची हिंमत झाली नाही." त्यांनी चष्मा काढला. "मला दिसत होतं ते सगळं. रविवारी ती वही उघडणार, त्याचा भाऊ बघणार, आई बघणार. त्या पोराचं तोंड कसं होईल? मी पेढीत एका माणसाला असं सगळ्यांसमोर उभं राहिलेलं पाहिलंय. म्हटलं, रविवार टळू दे. मग मी एकटा त्याच्याशी बोलेन. जुन्या सायबांना शब्दसुद्धा टाकून ठेवलाय मी, त्याच्यासाठी."

"बाबा, लाल म्हणजे तोटा नाही."

"लाल म्हणजे तोटाच," ते म्हणाले, जणू तिने सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं होतं.

तिने शाईचं गणित सांगितलं, ठिपक्यांचं सांगितलं. बाबांनी वही उघडली, पान डोळ्यांजवळ नेलं.

"हे ठिपके... मला वाटलं माशी बसली असेल."

मग त्यांनी पेन्सिल घेतली. बसल्या बैठकीला आख्ख्या महिन्याची बेरीज केली, पुन्हा खालून वर केली. ताळा जुळला. जावई वर होता. त्यांनी पेन्सिल पट्टीशेजारी सरळ करून ठेवली.

"म्हणजे मी चोरही झालो आणि हिशेबही चुकलो," अखेर ते म्हणाले.

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. परत निघताना मात्र एक बारीकशी टोचणी तिच्या मनात राहून गेली. वही सापडली होती, चोर सापडला होता. पण दहा वर्षं लाल पेन क्वचितच उचलणारा माणूस नेमका गेल्याच महिन्यात अकरा दिवस का चुकला, हे कुठे सापडलं होतं?

६

नवरा शनिवारी दुपारपर्यंत खेळायचा. घरात ती आणि पाळण्यात छकुली. तिने निळी वही खणात ठेवायला हात लांबवला आणि परत मागे घेतला.

तिचीही एक वही होती. छकुली जन्मली तेव्हापासूनची. दूध किती, शी किती, झोप किती. डॉक्टरीणबाई हसायच्या तिच्या त्या वहीला. तिने ती काढली आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. गेला महिना. दाताने बेजार केलेला महिना. रात्री पाच पाच वेळा उठणं, मग अधूनमधून अचानक, देवाची कृपा म्हणून, सलग झोप. त्या रात्रींपुढे तिने हिरव्या पेन्सिलीने चांदणी काढलेली. मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंही होतं, आमची छकुली आता झोपायला लागलीय.

तिने बोट ठेवून एकेक तारीख जुळवली.

चार तारखेला चांदणी. सकाळी तो खेळायला गेला, आणि ओळ लाल.

सातला चांदणी. लाल.

आठला चांदणी. लाल.

ज्या रात्री छकुली रडली असं तिच्या वहीत होतं, त्या दिवशी शाई काळी. ज्या रात्री छकुली सलग झोपली, त्या दिवशी नवरा चुकला. अकराच्या अकरा.

ती प्रयोगशाळेतल्या सवयीने काच सरकवून पाहत राहिली. उलटं कसं असेल? मूल झोपलं तर बाप ताजातवाना हवा. म्हणजे मूल झोपलेलं नव्हतं. झोपली होती ती स्वतः.

दोन वाजता दार वाजलं. त्याने दोन्ही वह्या पाहिल्या, तिचं बोट कुठल्या ओळीवर आहे ते पाहिलं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा त्याच्या हातातून सुटला. कान लाल झाले. दारात पाय घासत तो उभा राहिला.

"मला उठवलं का नाहीस?"

"तू तीन तारखेला भांडी घासता घासता उभ्यानेच झोपलीस," तो म्हणाला. "हातात पेला होता. आमच्या क्लबात इतका थकलेला माणूस दिसला की त्याला टेबलावरून उठवतात. मी छकुलीला घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या मारायचो. दार लावून. तिला शेजारच्या मोरीतल्या नळाचा थेंब आवडायचा, तेवढ्यासाठी मी तो मुद्दाम दुरुस्त करत नव्हतो."

"आणि तू? तू थकला नव्हतास? तुला कोणी उठवायचं टेबलावरून?"

तो पाळण्याशी जाऊन बसला.

रविवारी सगळे जेवले. निळी वही ताटांच्या मध्ये आली, आणि ती कुठे होती ते बाबांनी स्वतःच, घसा खाकरून, सांगितलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपत नव्हतं. दिराने ठिपके मोजले, पुन्हा मोजले. "म्हणजे दादा जिंकलाय? आणि तरी म्हणतोय की चुकला?" त्याने डोकं खाजवलं. "यापेक्षा बस बरी बुवा."

"बरी आहेच," नवरा म्हणाला.

"मी उद्या रुजू होतेय," ती म्हणाली. "तो हरला म्हणून नाही. एकट्याने जागून खेळलेल्या डावावर आख्खं घर लावायचं नाही म्हणून. महिनाभर हा खेळणार नाही, झोपणार. रात्री वाटून घेऊ आम्ही. आणि बाबा, तुमची शिक्षा: रोज अकरा ते एक छकुली तुमच्याकडे."

"अकरा ते एक," बाबा पुटपुटले. शिक्षा झालेल्या माणसाचा चेहरा असा उजळलेला कोणी पाहिला नसेल.

सगळे गेल्यावर तिने राजीनाम्याचा कागद फाडला. नवऱ्याने लाल पेनात नवी रिफिल घातली होती. तिने ते मागून घेतलं, आपली वही उघडली आणि त्या अकरा हिरव्या चांदण्यांवर, एकेक करून, लाल रेघ ओढली.